पेशी धूळवाफ पेरत नाही

मे संपत आला की खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिम भागात कोरड्या मातीतच भात पेरलं जातं. ही धूळवाफ पेरणी. वळवाची एखादी सर झालेली असते, बाकी सगळा भरवसा मृगावर. पाऊस लांबला की बियाणं वाया जातं आणि दुबार पेरणी करावी लागते. शेतकरी हा धोका पत्करतो, कारण वेळ साधली तर पीक जोमानं उभं राहतं. आपल्या शरीरातली पेशी तो धोका घेत नाही. हाताशी माल आहे आणि बाहेरून हुकूमही आला आहे, अशी दोन्हीकडून खात्री पटल्यावरच ती वाढायला लागते.

ही खात्री करून घेणाऱ्या प्रथिनसमूहाचं नाव एमटॉरसी-१. त्यातलं मुख्य प्रथिन एमटॉर, २,५४९ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्या मण्यांची बनतात त्यांची, लांबलचक साखळी. जोडीला रॅप्टर आणि इतर काही प्रथिनं. (एमटॉरचा दुसराही एक समूह पेशीत असतो. त्याचं काम वेगळं, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.)

पेशीत अमिनो आम्लं पुरेशी असली की रॅग नावाची प्रथिनं एमटॉरसी-१ला लायसोझोमच्या पृष्ठभागावर ओढून आणतात. लायसोझोम म्हणजे जुनी प्रथिनं मोडून त्यातली अमिनो आम्लं मोकळी करणारी पिशवी. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही जागाच वाटते. किती धान्य शिल्लक आहे याचा अंदाज कणगीच्या तोंडाशी उभं राहूनच घ्यावा, तसं हे आहे. पण नुसतं तिथं पोचून भागत नाही. तिथं ऱ्हेब नावाचं प्रथिन असतं, आणि तेच एमटॉरसी-१ला चालू करतं. ऱ्हेबवर एरवी टीएससी या दुसऱ्या समूहाचा दाब असतो. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की तो दाब उठतो. अमिनो आम्लं असून इन्सुलिन नाही, किंवा इन्सुलिन असून अमिनो आम्लं नाहीत, तर काम जोर धरत नाही. पेशीतली ऊर्जा घटली तरी लगाम खेचला जातो.

दोन्ही जुळलं की प्रथिनं आणि मेद तयार होऊ लागतात, पेशी आकारानं वाढते. जुळलं नाही तर उलटा व्यवहार सुरू होतो. पेशी स्वतःचे जीर्ण भाग मोडून त्यावर गुजराण करते. याला ऑटोफॅजी म्हणतात. उपवासाचा संबंध इथे जोडला जातो, म्हणून एक सांगायला हवं. एकादशीला आपण जी रताळी आणि साबुदाण्याची खिचडी खातो, त्यातल्या पिष्टानं इन्सुलिन चढतंच. व्रत म्हणून तो उपवास खरा, पण पेशीच्या लेखी ते जेवणच.

या सगळ्याचा शोध मातीतून लागला. १९६४ साली कॅनडातल्या एका मोहिमेनं प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावरची माती आणली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून सुरेन सेहगल यांच्या गटानं बुरशी रोखणारं द्रव्य वेगळं केलं आणि बेटावरून त्याला रॅपामायसिन नाव दिलं. पुढे त्यांची मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, काम थांबलं. सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ साली अमेरिकेत या औषधाला मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मान्यता मिळाली. ते जपणं घडलं नसतं तर आज आपण कुठे असतो, हा विचार मला सोडत नाही. रॅपामायसिन नेमकं कुठं बसतं हे शोधताना स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये मायकेल हॉल आणि सहकाऱ्यांना १९९१ साली यीस्टमध्ये टॉर सापडलं. टॉर म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य, ज्याला ते रोखतं. एमटॉर हे त्याचंच आपल्या पेशीतलं रूप.

टीएससीची जनुकं बिघडली की लगाम सुटतो आणि मेंदू, मूत्रपिंड, त्वचा अशा अवयवांत गाठी होतात. त्यावर रॅपामायसिनचीच भावंडं वापरली जातात. २००९ साली उतारवयातल्या उंदरांना हे औषध दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं. पण तेवढ्यावरून दीर्घायुष्यासाठी कुणी ते स्वतःहून घेऊ नये, असं मी कळकळीनं सांगेन. ते प्रतिकारशक्ती दाबतं, प्रत्यारोपणात त्याचा उपयोगच तो आहे.

टॉर वनस्पतींतही असतं. मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात असं दिसलं आहे, की पानांनी उन्हात बनवलेली साखर मुळांपर्यंत पोचते, तिथलं टॉर जागं करते, आणि मगच मुळाचं टोक वाढू लागतं.