ब्रेकचं आउटर आणि गिअरचं आउटर

सिंहगडावरून डोणज्याकडे उतरताना बोटं दुखायला लागली की रोडबाईकवाला सायकलस्वार पहिल्यांदा नवे कॅलिपर, म्हणजे चाकाला आवळणारे ब्रेकचे चिमटे, शोधतो. पैसे मोजून ते बसवतो, आणि लिव्हर ओढली की पुन्हा तेच, मऊमऊ. दोन पावसाळे खाल्लेली वायर तशीच असते ना! म्हणून मी आधी इनर (आतली ओढली जाणारी वायर), आउटर (तिच्यावरचं नळीसारखं आवरण) आणि ब्रेकचे रबर बदलायला सांगतो. कॅलिपरचं नंतर बघू.

घोळ होतो तो आउटर घेताना. दुकानात काळ्या आउटरची दोन वेटोळी शेजारी टांगलेली असतात, एक ब्रेकचं, एक गिअरचं. ब्रेकचं साधारण ५ मिलिमीटर जाड, गिअरचं बहुधा ४. पण गिअरचंही ५ मिलिमीटरचं मिळतं, तेव्हा जाडीवर जाऊ नका. कापलेलं टोक उजेडाकडे धरा. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार स्प्रिंगसारखी गोल गोल गुंडाळलेली असते. गिअरच्यात बारीक तारा लांबीच्या दिशेनं उभ्या, केरसुणीच्या काड्यांसारख्या, आणि त्यांना धरून ठेवायला मुख्यतः वरचं प्लॅस्टिक.

हा फरक आला तो 'टिक टिक' पडणाऱ्या गिअरमुळे. शिमानो या जपानी कंपनीनं १९८४मध्ये ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या सेटवर असे गिअर आणले. त्यात एकेका टिकेला वायर ठरावीकच सरकायला हवी. गुंडाळलेलं आउटर मात्र हँडल वळवलं की किंचित लांब-आखूड होतं आणि दाबाखाली थोडं आवळतं. मग चेन दोन दातेरी चकत्यांच्या मध्ये कुरकुरत बसते. उभ्या तारांचं आउटर लांबी सोडत नाही.

इथे हुशार माणूस फसतो: गिअरचं आउटर कडक, मग ते ब्रेकला घातलं तर ब्रेकही कडक लागेल! लागतो. पहिले काही दिवस छानच लागतो. पण जोरात ब्रेक दाबला की इनर जितक्या जोरानं ओढली जाते, तितकाच दाब आउटरवर येतो. गिअरला एवढा ताण कधीच नसतो. उभ्या तारा बाहेर फाकतात, प्लॅस्टिक फाटतं, आणि लिव्हर सरळ हँडलला टेकते. माझ्या पुतण्याच्या पुढच्या ब्रेकला एका दुकानात असंच आउटर चढवलं होतं. कॅलिपरजवळ ते फुगलेलं दिसलं, नखानं दाबलं तर आतली तार टोचली. त्या रविवारी तो बोपदेव घाट उतरणार होता.

ब्रेकसाठी कमी दबणारी खास आउटरही मिळतात, कुणी उभ्या तारांवर जाळी विणलेली, कुणी ॲल्युमिनियमच्या मण्यांची. ती चालतात, फक्त पाकिटावर 'ब्रेक' लिहिलेलं हवं.

इनरची गल्लत त्या मानानं कमी होते. ब्रेकची सुमारे १.६ मिलिमीटर, गिअरची १.२ किंवा १.१. रोडबाईकच्या ब्रेकवायरचं डोकं पेरूसारखं, गिअरचं बारकं आणि दंडगोल.

बसवताना एक काम मात्र टाळू नका. ब्रेकचं आउटर कापलं की टोकाला तारेचा आकडा राहतो. तो कानशीनं सपाट घासा, आतली नळी दाभणानं मोकळी करा, मग टोपी घाला. नाहीतर तो आकडा हळूहळू दबत जातो आणि नव्या आउटरलाही ब्रेक मऊच लागतो. वायर आवळली की लिव्हर दहाबारा वेळा कचकचून दाबा. सगळं जागेवर बसतं, वायर थोडी सैल पडते, ती पुन्हा आवळा.