मुलाखतीचे चित्रीकरण : ध्वनी आणि कॅमेरा

प्रश्नकर्ता आणि मुलाखत देणारी व्यक्ती यांचे संभाषण चित्र व आवाज या दोन्ही रूपांत नोंदवण्याची पद्धत. माहितीपट, वार्तांकन, मौखिक इतिहास, संशोधन अशा अनेक क्षेत्रांत ती वापरली जाते. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये नाग्रा हे सहज उचलून नेता येणारे टेपमुद्रक यंत्र आणले. १९६० च्या दशकात त्याच्या जोडीला हलके १६ मिमी. कॅमेरे मिळाले आणि माणसांना त्यांच्या घरात, कामाच्या जागी बोलते करणे सोपे झाले. आज ही सारी सोय एका फोनमध्ये मावते. अडचणी मात्र बहुतेक त्याच आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आवाजाच्या आहेत. चित्र थोडे अंधारे असले तरी प्रेक्षक बघत राहतो, पण शब्द कळेनासे झाले की तो उठतो.

आवाजाच्या बाबतीत माइकच्या किमतीपेक्षा त्याचे तोंडापासूनचे अंतर महत्त्वाचे. हे अंतर दुप्पट केले, की थेट पोचणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. भिंतींवर आदळून परतणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. त्यामुळे लांबच्या माइकची पातळी चढवली, की बोलण्याबरोबर घुमणे, पंखा, एसीची घरघर हेही चढते. कॅमेऱ्यावर बसवलेला माइक बहुधा याच कारणाने निराशा करतो.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यावर लावतात. क्लिपमागे वायरचा छोटा वळसा अडकवून ठेवला, तर वायर ओढली गेल्याचा खडखडाट माइकपर्यंत जात नाही. कपडा सळसळतो का, गळ्यातली माळ माइकवर आपटते का, हे आधीच पाहावे. ‘मी’ म्हणताना छातीवर हात ठेवण्याची सवय अनेकांना असते; त्यांचा प्रत्येक ‘मी’ धपकन उमटतो. बूमवरचा (लांब दांडीवरचा) माइक चौकटीच्या अगदी वर, तोंडाच्या रोखाने धरतात. लांबट शॉटगन माइक (समोरच्या अरुंद पट्ट्यातला आवाज टिपणारा) मोकळ्या जागेत उत्तम. कडक भिंतींच्या लहान खोलीत परावर्तनांमुळे त्याचा आवाज पोकळ लागतो, तिथे आखूड हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक बरा.

व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांत) हे प्रचलित मुद्रण आहे. बोलण्याची शिखरे डिजिटल मीटरवर −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान ठेवतात. शून्य ही मीटरची वरची मर्यादा; तिच्यावर आदळून फाटलेला आवाज नंतर नीट सुधारता येत नाही. स्वयंचलित पातळी बंदच असावी, कारण पाहुणा (मुलाखत देणारी व्यक्ती) विचार करायला थांबला, की ती चढते आणि पंखा गरजू लागतो. पातळी ठरवताना ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ निरुपयोगी, कारण तसे कोणी बोलत नाही. इथे यायला त्रास झाला का, असे काही विचारावे, म्हणजे खरा आवाज मिळतो. मुद्रण चालू असताना कोणाच्या तरी कानांवर हेडफोन हवाच. मीटरची पट्टी खरखरीनेही नाचते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पाहुण्याच्या डोळ्यांच्या उंचीला. फुल-फ्रेम (३५ मिमी. फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिमी.ची लेन्स चेहऱ्याला न्याय देते; रुंद कोनाची लेन्स घेऊन जवळ गेल्यास नाक मोठे दिसते. प्रश्नकर्त्याने लेन्सला खेटून बसावे. तो दूर सरकला, की पाहुण्याची बाजूच जास्त दिसते. नजर ज्या दिशेला, तिकडे चौकटीत जास्त मोकळी जागा सोडतात. दुसरा कॅमेरा दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या त्याच बाजूला ठेवतात, नाहीतर जोडकामात (संपादनात) नजर उलटी फिरते. एरल मॉरिस या अमेरिकी दिग्दर्शकाने टेलिप्रॉम्प्टरसारखी (लेन्ससमोरच्या तिरक्या काचेत प्रतिमा दाखवणारी) रचना वापरून पाहुण्याला प्रश्नकर्त्याचा चेहरा लेन्सवरच दिसेल अशी सोय केली, म्हणजे तो थेट प्रेक्षकाकडे बघतो. सगळ्याच मुलाखतींना हा रोखठोकपणा झेपत नाही.

एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाशी जुळवणी) हाताने ठरवून कायम ठेवावेत : दिवसाच्या उजेडासाठी ५६०० केल्व्हिन, टंगस्टन दिव्यांसाठी ३२०० केल्व्हिन. खिडकी आणि पिवळे दिवे एकत्र असतील, तर एक काहीतरी बंद करावे. विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असलेल्या प्रदेशात सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) असताना १/५० सेकंद शटर ठेवतात. दिव्यांची फडफड त्याने बहुधा टळते. ६० हर्ट्‌झला १/६०.

प्रश्नकर्त्याचा आवाज काढून टाकायचा असेल, तर प्रश्नाचा आशय उत्तरात आणायला पाहुण्याला आधीच सांगतात. नुसते ‘हो, तेव्हाच’ हाती लागले, तर जोडकाम करणारा काय करणार? हात, वस्तू, खोली यांची जादा दृश्ये घेतली, की कापलेल्या जागा झाकता येतात. त्याच खोलीतली अर्ध्या मिनिटाची शांतताही मुद्रित करतात, ती आवाजाच्या सांध्यांत भरायला लागते. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला असेल, तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून दोन्ही जुळवतात. लांबलेल्या मुद्रणात दोन यंत्रांची घड्याळे किंचित सरकू शकतात आणि ओठ शब्दांपासून सुटतात, म्हणून अनुभवी मंडळी शेवटीही एक टाळी घेतात.