भोपळ्याच्या आळ्यातली राख

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. मृगाचा पाऊस लागला की न्हाणीघरामागे भोपळ्याचं आळं व्हायचं. आजी त्यात कुजलेलं शेणखत घालायची आणि वर चुलीतली सूपभर राख. महिन्याभरात वेल गोठ्याच्या छपरावर चढायचा. श्रावणात फुलांची भजी, दिवाळीच्या सुमारास घारग्यांना पिकलेला भोपळा.

मावशी लग्न होऊन घाटावर, नगर जिल्ह्यात गेली. जाताना बी घेऊन गेली आणि तिथेही तसंच आळं केलं. वेल उगवला, पण शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं लिंबाच्या सालीसारखं. तिने राख वाढवली, तर पानं आणखी फिकी झाली. घरात बरीच वर्षं याचं खापर तिकडच्या पाण्यावर फोडलं जायचं.

कारण मातीत होतं. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. हजारो वर्षांच्या धो धो पावसाने तिच्यातला चुना आणि पालाश (पोटॅशियम) धुऊन नेलेला, मागे राहिलं ते लोह आणि अॅल्युमिनियम. हे दोघे स्फुरदाला (फॉस्फरसला) असे धरून ठेवतात की मुळांच्या वाट्याला तो फारसा येत नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः चुना, त्याबरोबर पालाश आणि थोडा स्फुरद. म्हणजे आजीची सूपभर राख एकाच वेळी मातीचा आंबटपणा कमी करत होती, अडकलेला स्फुरद सोडवत होती आणि पालाशही पुरवत होती. राखेत नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नसतंच, ते शेणखतातून येत होतं.

घाटावरची काळी माती बेसॉल्ट या काळ्या ज्वालामुखी खडकापासून झालेली. तिच्यात चुनखडी आधीच भरपूर, सामू (पीएच, आंबटपणाचा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) ८ च्या वर, आणि पालाश तर बहुतेक ठिकाणी मुबलक. तिथे राख म्हणजे चुन्यात चुना. अशा मातीत लोह असूनही विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. लोह एकदा जुन्या पानात गेलं की तिथून नव्या पानाकडे सहसा सरकत नाही, त्यामुळे उपासमार आधी शेंड्याला कळते. नत्राचं उलट आहे. नत्र कमी पडलं की वेल जुन्या पानांतलं काढून शेंड्याला देतो आणि पिवळेपणा बुडाकडून सुरू होतो. पालाश कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. पिवळं पान दिसलं की आधी ते वेलावर कुठे आहे ते बघावं.

एक खुणेची गोष्ट मात्र रोग किंवा कमतरता समजू नये. आपल्या लाल भोपळ्याच्या बऱ्याच वाणांत पानावर, शिरांच्या बेचक्यात, चंदेरी-पांढरे ठिपके असतात. पानाच्या वरच्या सालीखाली हवेची पोकळी राहते, तिथे प्रकाश परततो आणि पान चांदी सांडल्यासारखं दिसतं. तो त्या वाणाचा रंग आहे. त्यावर औषध मारणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगितलं.

भोपळा, काशीफळ, डांगर, नाव काहीही घ्या, हे पीक खादाड आहे हे खरं. पण खादाड म्हणून सगळंच वाढायचं असं नाही. शेताच्या बांधाला एका जागी खिंडार असेल तर पाणी त्या खिंडाराच्या उंचीपर्यंतच थांबतं, बाकीचा बांध कितीही उंच करा. अन्नद्रव्यांचंही तसंच, जे सर्वांत कमी त्यावर उत्पन्न अडतं. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये हा नियम मांडला आणि पुढे लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो जगभर पोचवला. खिंडार कुठे आहे हे खताच्या पिशवीवरच्या छापील आकड्यांवरून कळत नाही, त्यासाठी माती तपासावी लागते.

नमुना एप्रिल-मे मध्ये, खत टाकण्याआधी घ्यावा. रानात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची पातळ चकती वरपासून खालपर्यंत खरवडायची. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची आणि पाणी साचण्याची जागा टाळायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग. शेवटी अर्धा किलो राहील ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. कामाला एक सकाळ पुरते.

प्रयोगशाळेतही मातीचा स्वभाव बघून पद्धत निवडतात, हे मला फार आवडतं. स्फुरद मोजायला चुनखडीच्या मातीत खाण्याच्या सोड्याचं द्रावण वापरतात, ती १९५४ ची ऑल्सेन पद्धत. आम्लधर्मी मातीला १९४५ ची ब्रे पद्धत. म्हणून सामू माहीत नसताना नुसत्या स्फुरदाच्या आकड्याला अर्थ नसतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत (सरकारी माती तपासणीच्या अहवालात) सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला कार्बन) यांच्यासह बारा गोष्टी असतात. भोपळ्याच्या दृष्टीने मी सामू आणि सेंद्रिय कर्ब आधी वाचतो, मग बाकीचं.

वेलभाज्यांसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही आपल्याकडची सर्वसाधारण शिफारस. अहवालात द्रव्यं मध्यम असतील तर ती धरायची. अहवालात एखादं द्रव्य कमी असेल तर त्याची मात्रा चौथाईने वाढवायची, जास्त असेल तर चौथाईने घटवायची, अत्यंत जास्त असेल तर निम्म्यावर आणायची. एकराला हिशेब होतो ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया, ४५ किलोच्या दोन गोण्यांना थोडा कमी. २० किलो स्फुरदासाठी १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २० किलो पालाशासाठी ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. तीन मीटर बाय दीड मीटरवर लावले तर एकरात नऊशे वेल बसतात. म्हणजे परसातल्या एका वेलाला सगळ्या हंगामात शंभर ग्रॅमही युरिया लागत नाही. हा आकडा ऐकून लोक थबकतात, कारण मूठ भरून टाकायची सवय असते.

जास्त नत्राचा फटका थेट फळाला बसतो. भोपळ्यावर आधी नरफुलं येतात, मग बुडाशी गोटीएवढा भोपळा घेऊन मादीफुलं. नत्र फार झालं की वेल नुसता माजतो, नरफुलं वाढतात, मादीफुलं उशिरा आणि थोडी येतात. त्यात ही फुलं पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर गोटी पिवळी पडून गळते. अशा वेळी आणखी खत देणं म्हणजे दुखणं वाढवणं. झुकिनी या भोपळ्याच्याच जातभाईचं थोडं वेगळं. ती पसरत नाही, दीड-दोन महिन्यांत तोडणी सुरू होते आणि सतत चालते, म्हणून तिला नत्र थोडं थोडं पण नियमित लागतं.

कुठे घालायचं हेही तितकंच महत्त्वाचं. स्फुरद मातीत जिथे पडतो तिथून फारसा हलत नाही, म्हणून तो लागवडीलाच, शेणखतात मिसळून, बियाच्या खाली-बाजूला गेला पाहिजे. पालाशही त्याच वेळी. नत्र पाण्याबरोबर पळतं, त्यामुळे निम्मं लागवडीला आणि निम्मं महिन्याने. कोकणातल्या पावसात दोनाचे तीन हप्ते करावेत. दुसरा हप्ता बुंध्याशी न टाकता हातभर लांब, बांगडी पद्धतीने म्हणजे वेलाभोवती गोल घालावा, कारण खाणारी मुळं तोवर बाहेर सरकलेली असतात. युरिया उघडा ठेवू नये. चुनखडीच्या मातीत तो वरच राहिला तर बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो. मातीआड करून लगेच पाणी द्यावं.

मावशीच्या रानाचा अहवाल शेवटी काढला. सामू ८.३, पालाश अत्यंत जास्त, आणि लोह दशलक्ष भागांत ४.५ या किमान पातळीच्या खाली. आम्ही पालाश निम्म्यावर आणला. फेरस सल्फेट हे लोह देणारं खत नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी ते लगेच निकामी करते, म्हणून ते ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत ठेवलं आणि मग आळ्यात घातलं. त्या हंगामात नवी पानं हिरवी निघाली. बंबाची राख आता आळ्यात जात नाही. ती चाळून मावशी कडधान्याला चोळून ठेवते.