निकालाच्या दिवशी साइट नेमकी कुठे अडते?

महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला साधारण १५ लाख मुलं बसतात. ऑनलाइन निकालासाठी बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकायचं, एवढंच काम. पण सगळे एकाच वेळी येतात. प्रत्येकाने पहिल्या दहा मिनिटांत दोनदा प्रयत्न केला असं धरलं, तर सेकंदाला ५,००० रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे मागण्या, होतात.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे कामाला येतो. एका वेळी आत किती जण असतील? येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला आत लागणारा वेळ. एका क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, २० मिलिसेकंद लागत असतील, तर डेटाबेसमध्ये एका वेळी १०० क्वेरी चालू राहतील. २०० लागत असतील, तर १,०००. आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका वेळच्या कनेक्शनची मूळ मर्यादा १०० आहे.

इथे बहुतेक जण आणखी सर्व्हर लावायला धावतात, आणि दुखणं वाढवून ठेवतात. समजा, रिक्वेस्ट घेऊन डेटाबेसला विचारणारे ४ अ‍ॅप सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाचा कनेक्शन पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) २० चा आहे. म्हणजे ८० कनेक्शन. सर्व्हर १२ केले की मागणी २४० वर जाते आणि डेटाबेस सरळ कनेक्शन नाकारू लागतो. मग मर्यादाच ५०० करायची? पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस चालवतो. १६ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या १६ गाभ्यांच्या) मशीनवर एका क्षणी १६ च पुढे सरकतात, बाकीच्यांची नुसती अदलाबदल चालते. कोअरच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे तीस-पस्तीस कनेक्शन, ही सुरुवात बरी. सगळ्या अ‍ॅप सर्व्हरांचे पूल मिळून आकडा तेवढाच ठेवायचा आणि जास्तीची रांग डेटाबेसच्या बाहेर थोपवायची.

त्याआधी क्वेरी तपासा. बैठक क्रमांकाच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर असतं, आणि ते कुणी लहान लिपीत टाकतं, कुणी मोठ्या. म्हणून क्वेरीतच तो अख्खा कॉलम लहान लिपीत बदलून तुलना केली जाते. दिसायला निरुपद्रवी, पण त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (ओळ पटकन शोधून देणारी सूची) यामुळे निकामी होतो आणि डेटाबेस एका निकालासाठी १५ लाख ओळी चाळत बसतो. इंडेक्स लागू पडला, तर डेटाबेसची तीन-चार पानं (साठवणीचे छोटे तुकडे) वाचून काम होतं. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ ही क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा चालवून बघा. ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (सगळ्या ओळी चाळणं) दिसलं, की चोर सापडला. उपाय एका ओळीचा: आलेला क्रमांक क्वेरीपूर्वीच मोठ्या लिपीत करून घ्या.

खरं तर निकालासाठी डेटाबेसकडे जायचंच कशाला? लागलेला निकाल त्या दिवशी बदलत नाही. एका गुणपत्रकाला २ किलोबाइट धरले, तर सगळे मिळून ३ गिगाबाइट. आजच्या साध्या सर्व्हरच्या मेमरीतही हे आरामात मावतं. वेळेच्या तासभर आधी सगळं रेडिसमध्ये, म्हणजे मेमरीत चालणाऱ्या झटपट साठ्यात, भरून ठेवावं. ‘पहिला मागेल तेव्हा भरू’ हे धोरण या दिवशी चालत नाही, कारण सगळेच पहिले असतात. मुखपृष्ठाचं उलट आहे: सगळ्यांना एकच पान लागतं, आणि त्याच्या कॅशेची (तयार ठेवलेल्या प्रतीची) मुदत संपली की हजारो रिक्वेस्ट एकदम मागच्या सर्व्हरकडे धावतात. एन्जिनएक्स या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरमध्ये कॅशे लॉक चालू केलं, तर प्रत अजून नसताना एकच रिक्वेस्ट मागे जाते. नवी प्रत येईपर्यंत शिळी वापरायची मुभा दिली, की मुदत संपल्यावरही एकच मागे जाते आणि बाकीच्यांना शिळी प्रत लगेच मिळते.

टाइमआउटकडे, म्हणजे किती वेळ वाट पाहायची या मर्यादेकडे, मात्र फार कमी लोक लक्ष देतात. पान अडलं की माणूस रिफ्रेश करतो. त्याची जुनी क्वेरी आत चालूच राहते. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीला मुळात वेळमर्यादा नसतेच, ती घालावी लागते. मर्यादा आत जाताना कमी होत जावी: प्रॉक्सीला (पुढच्या एन्जिनएक्सला) ५ सेकंद, अ‍ॅपला ३, क्वेरीला १. रांग भरली तर ‘थोड्या वेळाने या’ हे उत्तर लगेच द्यावं. तीस सेकंद ताटकळवून एरर दाखवण्यापेक्षा ते परवडतं.

के-सिक्स किंवा जेमीटर या साधनांनी लोड टेस्ट (खोट्या गर्दीची चाचणी) करताना सरासरीवर विसंबू नका. सर्वांत हळू १ टक्का रिक्वेस्टना किती वेळ लागला ते बघा. एकच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरला, तर आकडे छान येतात आणि खोटे असतात. चुकीचे क्रमांकही मिसळा. ते रेडिसमध्ये सापडत नाहीत म्हणून कोड प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारायला जातो, आणि घाईत चुकीचे क्रमांक भरपूर येतात. सगळे निकाल आधीच भरलेले असतील, तर रेडिसमध्ये नाही म्हणजे निकालच नाही. तिथूनच उत्तर द्यायचं.