गंभीर गुन्ह्यात शिक्षा कशी ठरते (गोवा)

शिक्षा ठरवणं हा फौजदारी खटल्यातला वेगळा टप्पा आहे. आरोपी दोषी ठरला की शिक्षा आपोआप ठरली असं नसतं, पण पेपरात ‘दोषी’ एवढं वाचून बरेच जण तिथेच थांबतात.

गोव्यात खून, बलात्कार, दरोडा असले खटले उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या सत्र न्यायालयांत चालतात, मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी २००३ च्या गोवा बाल कायद्याखालचं बाल न्यायालय आहे, आणि अपील जातं पर्वरीला, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी गुन्हा त्याआधीचा असेल तर जुनी दंड संहिताच लावतात, कारण गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या कलम २० मध्येच आहे.

दोषी ठरवल्यावर जज शिक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना वेगळं ऐकतात, पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम २३५(२) खाली व्हायचं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २५८(२) खाली होतं. काणकोणला मार्च २०१७ मध्ये एका आयरिश पर्यटक तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यात मडगावच्या कोर्टाने १४ फेब्रुवारी २०२५ ला आरोपीला दोषी धरलं आणि जन्मठेप सुनावली ती १७ तारखेला. मधले दिवस वाया गेले असं कुणाला वाटेल, पण तसं नाही, आरोपीचं वय, आधीचे गुन्हे, घरची परिस्थिती, तुरुंगातली वागणूक, सुधारायची शक्यता हे सगळं मांडायची जागा हीच, आणि सरकारी वकीलही गुन्ह्यातली क्रूरता, पीडितेच्या घरच्यांचं नुकसान इथेच मांडतात. देशभरात पुष्कळदा ही सुनावणी दोन-चार वाक्यांत उरकतात, ‘आरोपी गरीब आहे, दया करा’ एवढंच, आणि हे फार वाईट आहे, कारण एका माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब त्यात होतो. सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या मनोज खटल्यात सांगितलं की फाशीची शक्यता असेल तर आरोपीच्या मानसिक स्थितीचा आणि पार्श्वभूमीचा रिपोर्ट सरकारने सत्र न्यायालयापुढेच द्यावा.

फाशीचं माप १९८० च्या बचनसिंग निकालाने ठरवून दिलं: खुनाला नियम जन्मठेपेचा, फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, तीही जन्मठेपेचा पर्याय पूर्ण बंद झाला असेल तरच, आणि त्यात गुन्हा जसा बघायचा तसा गुन्हेगारही बघायचा. फाशी दिली तर जजना खास कारणं लिहावी लागतात आणि हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं हा समज गोव्यात काय, सगळीकडेच पक्का बसलाय. तो चूक आहे. १९६१ च्या गोपाळ गोडसे निकालापासून कायदा स्पष्ट आहे की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, आणि १४ वर्षांचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीतून, ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली तर किमान १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतरही सुटका हक्काने मिळत नाही, अर्ज विचारात घेतला जातो इतकंच. २००८ पासून सुप्रीम कोर्टाने फाशी आणि साधी जन्मठेप यांच्यामधली वाटही काढली, म्हणजे अमुक वर्षं सूटच नाही अशी जन्मठेप, पण तसा आदेश फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट देऊ शकतं, सत्र न्यायालय नाही.

काही कायद्यांत जजच्या हातात फार थोडं उरतं. गोव्यात नेहमी येणाऱ्या ड्रग्जच्या केसेस बघा, चरस १ किलोच्या वर किंवा गांजा २० किलोच्या वर गेला की किमान १० वर्षं आणि किमान १ लाख दंड, जास्तीत जास्त २० वर्षं. २०२० पासून मिसळलेल्या पदार्थासकट सगळं वजन धरतात, म्हणून इथे वजनकाटा आणि पंचनामाच बराचसा निकाल लावतो आणि बचावाचा वकीलही सगळा जोर तिथेच लावतो. लहान मुलांवरच्या अतिगंभीर प्रवेशी (पेनिट्रेटिव्ह) लैंगिक अत्याचाराला पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, २०१९ पासून किमान २० वर्षं.

अपिलात सगळं उलटूही शकतं. हणजूणच्या किनाऱ्यावर २००८ मध्ये एका ब्रिटिश मुलीचा मृत्यू झाला, त्या खटल्यात बाल न्यायालयाने २०१६ ला दोघांनाही निर्दोष सोडलं, सीबीआयने अपील केलं आणि २०१९ मध्ये गोवा खंडपीठाने एकाला दोषी धरून १० वर्षं सक्तमजुरी दिली, दुसऱ्याची सुटका कायम राहिली. सुनावलेली शिक्षा वाढवायचीही पॉवर हायकोर्टाला आहे, फक्त आधी आरोपीला त्याविरुद्ध बोलायची संधी द्यावी लागते.

खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात. अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या की एकामागून एक, हे जजनी निकालात स्पष्ट लिहायचं असतं, आणि पुढे कैद्याने सुटकेसाठी अर्ज केला की ज्या कोर्टाने दोषी ठरवलं त्याच्या जजचं कारणांसकट मत सरकारला मागवावं लागतं.