आंतरराष्ट्रीयीकरण

एखादा प्रदेश, जलमार्ग, वाद, उद्योग किंवा संगणकप्रणाली एकाच राष्ट्राच्या कक्षेतून काढून अनेक राष्ट्रांच्या कक्षेत आणण्याच्या क्रियेस आंतरराष्ट्रीयीकरण म्हणतात. इंग्रजीतील ‘इंटरनॅशनलाइज’ या क्रियापदाचे दोन ठळक अर्थ त्यात सामावलेले आहेत. कायद्यात व राजनयात त्याचा रोख अधिकार वाटून घेण्याकडे असतो, तर व्यापारात व तंत्रज्ञानात विस्ताराकडे. परदेशात शाखा उघडणारी कंपनी आपली सत्ता कोणाला देत नाही. आंतरराष्ट्रीयीकरण झालेल्या नदीकाठच्या राज्याला मात्र ती काही अंशी सोडावी लागते.

पहिल्या अर्थाची सर्वांत टिकाऊ उदाहरणे जलमार्गांची आहेत. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीवर प्रत्येक राज्य आपापली जकात व नियम लादू लागले की नौकानयन अडते. म्हणून १८१५च्या व्हिएन्ना परिषदेने अशा नद्यांवर मुक्त नौकानयनाचे तत्त्व मान्य केले आणि ऱ्हाइनसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला. हा आयोग आजही स्ट्रासबर्ग येथून काम करतो. १८५६च्या पॅरिस तहाने डॅन्यूबसाठीही युरोपीय आयोग नेमला. सुएझ कालवा युद्धकाळातही सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला राहावा, असे १८८८च्या कॉन्स्टँटिनोपल कराराने ठरवले. इजिप्तने १९५६मध्ये कालवा चालविणाऱ्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले, तरी १९५७मध्ये त्या करारातील बंधने आपण पाळू, असे त्याने जाहीर केले. राष्ट्रीयीकरण आणि आंतरराष्ट्रीयीकरण ही परस्परांची विरोधी टोके मानली जातात; पण सुएझच्या बाबतीत मालकी एका राष्ट्राची आणि ये-जा करण्याचा हक्क सर्वांचा, अशी दोन्ही एकत्र नांदली.

शहरांच्या बाबतीत हा प्रयोग फारसा टिकला नाही. डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) हे १९२० ते १९३९ या काळात राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्सच्या) संरक्षणाखालील मुक्त नगर होते; १९३९मध्ये जर्मनीने ते ताब्यात घेतले. टँजियरमध्ये १९२३च्या करारानुसार उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय राजवट, दुसऱ्या महायुद्धातील स्पेनचा ताबा वगळता, १९५६मध्ये शहर मोरोक्कोत विलीन होईपर्यंत चालली. जेरुसलेमला स्वतंत्र आंतरराष्ट्रीय दर्जा देण्याची संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची १९४७मधील योजना तर अमलातच आली नाही. हमी देणाऱ्या सत्तांचे एकमत मोडले की कागदावरील दर्जा शहराला वाचवू शकत नाही, हे डान्झिगने सर्वांत कठोरपणे दाखवले. अंटार्क्टिकाचे उदाहरणही येथे दिले जाते; परंतु १९५९च्या करारात प्रादेशिक दावे रद्द झाले नाहीत, ते केवळ गोठवले गेले, त्यामुळे तेथे ही संज्ञा जपूनच वापरावी.

वादाचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे दोन पक्षांतील प्रश्न तिसऱ्या राष्ट्रापुढे किंवा जागतिक मंचावर नेणे. या वापरात बहुधा आरोपाचा सूर असतो. काश्मीर प्रश्नावर भारत या शब्दाला हरकत घेतो तेव्हा मतभेद द्विपक्षीय वाटाघाटींनी सोडविण्याच्या १९७२च्या सिमला कराराचा आधार देतो. दुर्बळ पक्षाला मात्र हाच मार्ग सोयीचा वाटतो, कारण समोरासमोरच्या चर्चेत न मिळणारे वजन त्याला बाहेरच्या मंचावर मिळू शकते.

उद्योगांच्या संदर्भात युहान्सन व वाल्ने या स्वीडिश अभ्यासकांनी १९७७मध्ये मांडलेले उप्साला प्रतिमान प्रसिद्ध आहे. त्यानुसार कंपनी आधी निर्यात करते, मग प्रतिनिधी नेमते, पुढे स्वतःची विक्रीशाखा काढते आणि शेवटी परदेशात उत्पादन सुरू करते. पहिल्या दिवसापासूनच अनेक देशांत विकणाऱ्या कंपन्यांना हा क्रम लागू पडत नाही.

संगणकक्षेत्रात ही संज्ञा सर्वांत काटेकोर आहे. मूळ आज्ञावली न बदलता कोणतीही भाषा, लिपी, दिनांकपद्धती किंवा चलन सामावता येईल अशी रचना करणे म्हणजे आंतरराष्ट्रीयीकरण. त्यानंतर विशिष्ट प्रदेशासाठी भाषांतर व बदल करणे म्हणजे स्थानिकीकरण. इंग्रजी शब्दाच्या पहिल्या व शेवटच्या अक्षरांमध्ये १८ अक्षरे असल्याने तंत्रज्ञ त्याला ‘आय-१८-एन’ असे लिहितात. १९९१मध्ये जगातील लिप्यांच्या अक्षरांना एकच संकेतपद्धती देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आल्यावर लिप्यांचा प्रश्न बराच सुटू लागला, पण व्याकरणाचा उरलाच. एकवचन आणि अनेकवचन एवढेच गृहीत धरून लिहिलेली प्रणाली अरबीत अपुरी पडते, कारण तेथे संख्येनुसार वाक्याचे सहा प्रकार हाताळावे लागतात.