प्रकाशीय पोकळीतील एकटा अणू

समोरासमोर ठेवलेल्या दोन अतिपरावर्तक आरशांमधल्या पोकळीत एकच अणू धरून प्रकाशाने त्याचे निरीक्षण व नियंत्रण करण्याचे तंत्र. मोकळ्या जागेत उत्तेजित अणूने सोडलेला फोटॉन (प्रकाशाचा कण) परत येत नाही. पोकळीत मात्र, आरसे उत्तम असतील तर, तो बाहेर पडण्यापूर्वी लाखभर येरझारा घालतो आणि वारंवार त्याच अणूपाशी येतो. अणूचे प्रकाश सोडणे भोवतालच्या रचनेवरही अवलंबून असते, हे एडवर्ड पर्सेल यांनी 1946 मध्ये मांडले. जेन्स व कमिंग्ज यांनी 1963 मध्ये अणू आणि पोकळीतला प्रकाश यांच्या देवाणघेवाणीचे गणित दिले.

अणू आणि पोकळी यांच्यातली ऊर्जेची देवाणघेवाण फोटॉनच्या गळतीपेक्षा व अणूच्या इतर दिशांना होणाऱ्या उत्सर्जनापेक्षा वेगवान असेल, तर त्याला प्रबळ युग्मन म्हणतात. विषयाचे मर्म इथे आहे. अशा वेळी पोकळीच्या एका अनुस्पंदन-वारंवारतेच्या (ज्या वारंवारतेचा प्रकाश पोकळीतून आरपार जातो तिच्या) जागी दोन येतात. म्हणून रिकाम्या पोकळीतून आरपार जाणारा क्षीण लेसर अणू आत येताच अडतो, आणि पलीकडे फोटॉनांची संख्या एकदम घटते. अणूचे असणे कळते ते या घटण्यावरून. अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत जेफ किंबल यांच्या गटाने 2000 साली अशाच चढउतारांवरून सीझियमच्या एकेका अणूचा मार्ग सुमारे 2 मायक्रोमीटर अचूकतेने रेखाटला. त्याच वर्षी गार्शिंग (जर्मनी) येथे गेरहार्ड रेंपे यांच्या गटाने सरासरी एका फोटॉनाइतक्या प्रकाशाने अणू पोकळीत धरून दाखवला. ज्या प्रकाशाने पाहायचे त्यानेच धरायचे, हे या प्रयोगांचे खरे सौंदर्य. 2012 मध्ये रेंपे यांच्या गटाने दोन प्रयोगशाळांतले असे दोन अणू 60 मीटर प्रकाशतंतूने जोडले.

पॅरिसमध्ये सर्ज आरोश यांनी उलट वाट धरली: पोकळीत सूक्ष्मतरंगांचे (मायक्रोवेव्ह) फोटॉन साठवले आणि ते मोजायला अणू पाठवले. 2012 च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये डेव्हिड वाइनलँड त्यांचे सहमानकरी होते.

अणू पोकळीत टिकवायचा तर आधी तो थंड हवा. सामान्य तापमानाला रुबिडियमचे अणू सेकंदाला सुमारे 300 मीटर धावतात. लेसर-शीतनाने हा वेग 20 सेंटीमीटरांच्या खाली आणता येतो. ही विद्या इंदूरकरांच्या अगदी जवळ आहे. गावात अजूनही ‘कॅट’ (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) या जुन्या नावानेच ओळखले जाणारे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र (स्थापना 1984, सध्याचे नाव 2005 पासून) रुबिडियमचे अणू लेसरने थंड करून चुंबकीय-प्रकाशीय सापळ्यात, म्हणजे चुंबकीय क्षेत्र व लेसर यांच्या जोडीने, धरते. पोकळीचे वरील प्रयोग इथले नव्हेत. पण भौतिकी शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी सुरुवात या सापळ्यापासूनच करावी. रुबिडियमसाठी लागणारा 780 नॅनोमीटरचा लेसर सापळ्यात आणि पोकळीत दोन्हीकडे तोच असतो.